कामरानच्या जीपमधली ऊब कोणी नेली

अक्कलकुव्यात तपास करणारे दोघेच. एक पोलीस ठाणं आणि दुसरा मी. ठाण्याकडे गाडी आहे, वायरलेस आहे, चहा आणणारा माणूस आहे. माझ्याकडे फक्त डोकं आहे, पण ते पूर्णवेळ आहे.

माझं नाव चुडामण दगा पाटील. वय चौसष्ट, उंची पाच फूट चार इंच, नजर तीक्ष्ण, चष्म्यासह. मूळ गाव शहाद्याकडचं. केळीचा मळा भावांकडे सोपवून मी एसटीत लागलो आणि शेवटची अठरा वर्षं इथल्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो. त्या खिडकीमागे बसून मी माणसं वाचायला शिकलो. कोण माहेरी निघालीय, कोण रुसून निघालीय, कोणाच्या पिशवीत कोंबडी आहे आणि तिचं तिकीट काढलेलं नाही, हे मी जागेवरून न उठता सांगत असे. गाडी उशिरा का आली, याचं कारणही भोंग्यावरून मीच सांगत असे. अठरा वर्षांत अशी काही हजार कारणं मी दिली असतील. आमच्या वत्सलाबाई म्हणतात की त्यातलं एकही खरं नव्हतं. पण कारण खरं असणं वेगळं आणि ते पटणं वेगळं. अवघड काम दुसरं आहे.

निवृत्त झाल्यावर मी दारावर पाटी लावली. मजकूर दिला होता, 'खाजगी तपास'. पेंटरने रंगवलं, 'खाजगी कपास'. त्यामुळे हंगामात चार-पाच शेतकरी कापसाचा भाव विचारायला येतात. मी त्यांनाही कसून विचारपूस केल्याशिवाय सोडत नाही.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. शेजारच्या अंगणातून जीपचा आवाज येत होता, पण जीप जात नव्हती. गाडी चालू आहे आणि चालत मात्र नाही, यात सामान्य माणसाला काही वाटणार नाही. मी पायात चपला सरकवल्या.

"कोठे चालनात?" वत्सलाबाईंनी आतून विचारलं.

"आवाजाच्या मागावर."

"मंग येतांना कोथमिर लई या."

वत्सलाबाई माझ्या सहायक आहेत. ही गोष्ट मी त्यांना अजून सांगितलेली नाही.

शेजारचं अंगण कामरानचं. त्याचे आजोबा याच गल्लीतून टांगा हाकायचे, वडील ट्रक चालवायचे, कामरान जीप चालवतो. जुनी, सात जणांची, चौदा जणांना सवय झालेली. मोलगी आणि काठीकडच्या डोंगरात तो माणसं नेतो-आणतो. मी पोचलो तेव्हा तो चालकाच्या जागेवर बसून समोरच्या जाळीपुढे तळहात धरून होता, एखाद्या तापलेल्या पोराचं कपाळ पाहावं तसा. दारात त्याची आई रशिदाआपा उभी होती. ओट्यावर एक बाई बसली होती. पन्नाशी ओलांडलेली, काटक, अंगात पुरुषी स्वेटर, मांडीवर घडी घातलेली गोधडी. तिला मी ओळखत नव्हतो, म्हणून पहिल्याच नजरेत तिला संशयितांच्या यादीत टाकलं.

"आप्पा, बरं व्हयनं तुम्ही उनात," कामरान म्हणाला. त्याचा चेहरा मात्र तसं म्हणत नव्हता. "हीटर थंडी हवा फेकी ऱ्हायना."

"थंड हवा फेकतो तर तो हीटर नव्हे."

"त्यावर लिखेल शे ना आप्पा."

"लिहिलेलं तर माझ्या पाटीवरही आहे."

मी वही काढली आणि सगळ्यांचे जबाब घेतले. प्रकरण असं होतं.

ओट्यावरची बाई कालीबाई, काठीची. तिची सून भुरीबाई तेवीस दिवसांपूर्वी इथल्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली होती, दिवस भरायच्या आधी. मुलगा झाला, दीड किलोचा. तेवीस दिवस आईने त्याला छातीशी बांधून ठेवलं आणि आता तो दोन किलोला जेमतेम शंभर ग्रॅमनी कमी होता. आज त्याला घरी सोडणार होते. तिथल्या नर्स रोहिणी सिस्टरनी अट एकच घातली होती: बाळाला गारठा लागता कामा नये, गाडीत हीटर पाहिजे आणि अंधाराच्या आत घाट चढून झाला पाहिजे. दवाखान्याची गाडी दुसरा पेशंट घेऊन नंदुरबारला गेली होती. कालीबाई सकाळीच कामरानकडे आली. कामरान आनंदाने हो म्हणाला, त्याने हीटरचं बटण दाबलं, आणि जाळीतून जे आलं ते सातपुड्यावरचंच वारं होतं.

होळीला अख्खा जिल्हा काठीला लोटतो. जानेवारीत काठीला फक्त थंडी जाते. त्या आठवड्यात तर वरच्या पाड्यांवर पहाटे गवतावरचं दव गोठत होतं.

"उद्या गेलं तर?" मी विचारलं.

"उद्या मन्ही गाडी लग्नाले देयेल शे," कामरान म्हणाला.

कालीबाई पहिल्यांदाच बोलली. आमच्याशी बोलताना ती एकेक शब्द सावकाश ठेवायची. "घरी मोठी पोरगी आहे. तीन वर्षांची. आईला तेवीस दिवस पाहिलं नाही. फोनवर बोलत नाही आता. फोन दिला की तोंड फिरवते."

मी हे वहीत लिहिलं नाही. पुरावा म्हणून त्याचा काही उपयोग नव्हता. पण ते डोक्यातून जाईना.

आता कोणी विचारेल, मिस्तरी कुठे होता? मिस्तरी म्हणजे फकीरभाई. गावातल्या निम्म्या गाड्या त्याच्यामुळे चालतात आणि उरलेल्या निम्म्या त्याच्या दारात उभ्या असतात. तो त्या दिवशी सागबाऱ्याला भाच्याच्या लग्नात होता. कामरानने फोन लावला. मी तो त्याच्या हातून घेतला, कारण तांत्रिक बोलणं तांत्रिक माणसानेच करावं.

पलीकडे बँड वाजत होता. फकीरभाई त्या बँडच्या पोटातून ओरडत होता.

"आप्पा... पहिले चौक देखो... चौक..."

"चौक?"

"हां... बंद होएंगा... खोल दो..."

फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

मी वहीत लिहिलं: 'चौक बघणे. बंद असल्यास उघडणे.' कामरान म्हणाला, "आप्पा, गाडीना हीटरना चौकशी काय संबंध?" मी त्याला समजावलं की संबंध दिसत असता तर तपासाची गरजच काय? कालीबाई माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत कौतुक असावं असं मला वाटलं.

चौक माझ्या घरापासून चारशे पावलांवर. तो उघडाच होता. तिन्ही रस्ते मी स्वतः तपासले. एक उसाची ट्रॉली, दोन म्हशी आणि गुजरातकडे जाणारा एक टँकर माझ्यासमोरून विनाअडथळा गेले. मी मधोमध उभा राहून विचार करू लागलो. टँकरवाल्याने हॉर्न दिल्यावर कडेला जाऊन विचार करू लागलो. आणि तिथे मला ती गोष्ट जाणवली. सगळ्या चौकात गारठा होता, पण चुनीलालच्या दुकानाच्या दाराशी हवा उबदार होती.

चुनीलाल कांबळी, चादरी आणि स्वेटर विकतो. थंडी पडली की त्याला बरकत येते. म्हणजे थंडी पडावी यात त्याचा थेट फायदा. हेतू सापडला होता. मी आत शिरलो आणि सहज आल्यासारखं दाखवत विचारलं, "चुनीलालशेठ, ही ऊब कुठून आणली?"

"शेगडी शे ना आप्पा," त्याने पायाखालची कोळशाची शेगडी बाहेर सरकवली. "बठा. चहा घेतस का?"

"तुमच्याकडे कामरानच्या जीपमधलं काही आहे?"

तो विचारात पडला. "त्यानी मायनी एक चादर बदलाले देयेल शे. ती लई जातस का?"

मी चहा घेतला आणि चादर घेतली. चुनीलालला यादीतून काढलं नाही, फक्त खालच्या ओळीत टाकलं. कोथिंबीरही घेतली. परत आलो तेव्हा साडेबारा झाले होते.

कामरानने तोवर बॉनेट उघडून ठेवलं होतं आणि तो इंजिनाकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, "आधी घटनास्थळ." घटनास्थळ म्हणजे गाडीचा आतला भाग. जिथून थंड हवा येत होती ती जाळी मी पेचकसाने उघडली. आत बोट घातल्यावर एक मक्याचा दाणा हाती लागला.

"उंदीर," मी म्हणालो.

"आप्पा, माणसं मक्कानं कणीस खातस गाडीमा."

"माणसं दाणा जाळीत टाकतात का?"

"पोरं टाकतस."

पण मी उंदराचा माग सोडला नाही. माझा सिद्धांत साधा होता. हीटरच्या आत उबदार जागा असते. थंडीत उंदीर उबदार जागा शोधतो. उंदराने तिथे घर केलं की सगळी ऊब तोच घेतो आणि उरलेली हवा बाहेर सोडतो. कामरानने डोक्याला हात लावला. रशिदाआपा दारातून म्हणाली, "चुडामणभाऊ, मंग उंदीरले शेक दी ऱ्हायना हाऊ पोऱ्या. डिझेल जाळीसन."

मी सीटा उचलायला लावल्या. खाली सापडलं ते असं: एक कंगवा, लहान पोराच्या पायातली एक चप्पल, शेंगांची टरफलं, एका सातबाऱ्याची झेरॉक्स आणि लोखंडी अडकित्ता.

रशिदाआपा पायरी उतरून आली. तिने अडकित्ता हातात घेतला, उघडून मिटून पाहिला. तो तिच्या सासूचा होता. रमजानपासून सापडत नव्हता आणि त्यावरून तिने धाकट्या जावेशी बोलणं टाकलं होतं.

"या अल्ला," ती हळू म्हणाली. "मी तर शगुफ्ताले चोर ठरायी देलं व्हतं." आणि तिथेच उभ्या उभ्या तिने शगुफ्ताला फोन लावला.

एक प्रकरण सुटलं होतं. मी वहीत तशी नोंद केली. दुर्दैवाने ते प्रकरण माझ्याकडे आलेलंच नव्हतं.

उंदीर सापडला नाही. मी पुढचा सिद्धांत मांडला की पंखा उलटा फिरतो आहे, म्हणजे गाडीतली ऊब तो ओढून बाहेर टाकतो. कामरानने वहीचं एक पान जाळीपुढे धरलं. ते सरळ माझ्या तोंडावर उडालं. पंखा बरोबर फिरत होता. त्या पानावर उंदराचा सिद्धांत होता, तो गटारीत गेला.

दीड वाजता कामरानचा फोन वाजला. रोहिणी सिस्टर होत्या. कामरानने फोन मोठ्या आवाजावर टाकून कालीबाईसमोर धरला.

"कागद दोन वाजता होतील. गाडीचं काय झालं?"

"सिस्टर, हीटर चालू नही व्हई ऱ्हायना," कामरान म्हणाला.

"मग आज नका नेऊ. एक किलो नऊशेचं लेकरू आहे, घाटात वारं लागलं तर परत इथेच घेऊन याल. मी आणखी दोन-तीन दिवस ठेवून घेते. कालीबाई, ऐकताय ना?"

"हो बाई," कालीबाई म्हणाली. "राहू."

तिने गोधडीची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. तिच्या घड्या आधीपेक्षा बारीक झाल्या. मग ती उठली, दवाखान्याकडे जायला निघाल्यासारखी दोन पावलं गेली आणि थांबली. सुनेला जाऊन हे सांगायचं होतं. पाय उचलत नव्हता.

मी खिडकीच्या आतून अठरा वर्षं अशी माणसं पाहिली आहेत. गाडी येणार नाही हे भोंग्यावर ऐकल्यावर बाकावरून उठायचं की बसायचं हे न कळणारी. पण तेव्हा मध्ये काच असायची. इथे नव्हती. मला एकदम वाटलं की आपण सकाळपासून चौक, चुनीलाल आणि उंदीर यांच्यामागे फिरलो आणि या बाईचे अडीच तास घेतले. हा विचार मला आवडला नाही, म्हणून मी घाईने पुढचा सिद्धांत काढला.

"गरम पाणी," मी म्हणालो. "पुढच्या टाकीत गरम पाणी ओता. आत गरम गेलं की बाहेर गरम येईल."

मी घरी जाऊन वत्सलाबाईंना आंघोळीचा बंब पेटवायला सांगितलं. त्यांनी कोथिंबीर घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि बंब न पेटवता माझ्याबरोबर आल्या. येताना अंगावर शाल घेतली. माझा तपास चालू असला की त्या शक्यतो घरात थांबतात. त्या दिवशी का आल्या ते मला नंतरही कळलं नाही.

मी रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला तसा कामरानने माझं मनगट धरलं.

"आप्पा, हात लावू नका. इंजिन सकायपासून चालू शे, आतलं पाणी उकळी ऱ्हायनं. झाकण उघाडं तर तोंडवर उडी."

"म्हणजे आत पाणी गरम आहे?"

"चहा व्हई जाई इतलं गरम."

"मग हवा थंड का?"

"तेच तर सकायपासून ईचारी ऱ्हायनू मी."

तेव्हा मागून कालीबाईचा आवाज आला. ती परत फिरून बॉनेटजवळ आली होती.

"गरम पाणी हीटरमध्ये कुठून जातं?"

कामरानने दाखवलं. इंजिनातून निघालेली एक काळी रबरी नळी गाडीच्या आतल्या बाजूला जात होती. तिच्यातून गरम पाणी हीटरच्या डब्यात जातं, पंखा त्या डब्यावरून हवा मारतो आणि ती गरम होऊन बाहेर येते. दुसऱ्या नळीने पाणी परत इंजिनात. बस, एवढंच.

"गाडी बंद कर," कालीबाई म्हणाली.

त्याने बंद केली. कालीबाईने स्वेटरची बाही वर केली, पदराचं टोक बोटांना गुंडाळलं आणि नळी इंजिनाच्या बाजूने चाचपायला सुरुवात केली. घाई नव्हती. वीतभर गेली, पदर काढून नुसत्या बोटाने टेकून पाहिलं, हात चटकन मागे घेतला. आणखी वीतभर. पुन्हा गरम. मग नळी एका कोपऱ्यात वळत होती, तिथे ती वाकली. वळणापलीकडे तिने अख्खी मूठ नळीवर ठेवली आणि तशीच ठेवून दिली.

"इथे थंड आहे," ती म्हणाली. "पाणी इथवर येतं, पुढे जात नाही. मध्ये अडलंय."

"तुले कसं समजनं, बाई?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"आमच्याकडे झऱ्याचं पाणी पाईपाने शेतात आणतो. वरून खाली, लांब. पाणी आलं नाही की असंच बघत जायचं. कुठे ओलं, कुठे कोरडं. कुठे कोणी बंद केलं." तिने वळणाच्या कोपऱ्यात बोटं घातली. "ही बघ. चावी आहे."

ग्रीस आणि धुळीच्या थरात पितळेची करंगळीएवढी चावी होती, आपल्या नळाला असते तशी. आडवी. कामरानने फडक्याने पुसून ती उभी केली. आतून पाणी सरकल्याचा बारीक गुळगुळ आवाज आला.

"अरे, हाऊ तर हीटरना कॉक शे," कामरान म्हणाला.

कॉक. मी तो शब्द मनात दोनदा म्हणून पाहिला. मग बँडसकट म्हणून पाहिला. 'पहिले कॉक देखो. बंद होएंगा. खोल दो.' फकीरभाईने पहिल्या फोनला पूर्ण उत्तर दिलं होतं, आणि मी ते घेऊन चौकात उभा राहून टँकर मोजले होते.

कामरानने गाडी सुरू केली. आम्ही सगळे जाळीपुढे हात धरून उभे राहिलो. पहिल्या मिनिटाला थंड. दुसऱ्याला कोमट. मग रशिदाआपाने हात मागे घेतला आणि गालाला लावला. कालीबाईने हात तिथेच ठेवला होता. ती हसली नाही, पण तिचे खांदे खाली आले. सकाळपासून ते वर होते हे मला तेव्हा दिसलं.

"पण बंद करं कोनी?" कामरान म्हणाला. "मी तर कधी हात बी लावा नही."

खरं तर हाच तपासाचा मुख्य प्रश्न. गुन्हेगार कोण? मी वही उघडली, पेन्सिल धरली, आणि मला आठवलं.

मे महिना. पुतण्या भाग्येशचं लग्न शहाद्याला. कामरानची जीप ठरवली होती. तो आत कपडे बदलत होता, फकीरभाई याच अंगणात तेल बदलून इंजिन चालू करून बघत होता, आणि मी सफारी घालून पुढच्या सीटवर बसलो होतो. बाहेर चव्वेचाळीस अंश आणि माझ्या पायावर गाडीतूनच गरम वाफ येत होती. मी फकीरभाईला म्हटलं, "हे जे काही आहे ते बंद कर आणि पुन्हा उघडू नकोस." तो वाकला, काहीतरी फिरवलं, वाफ थांबली. लग्नाला मी कोरड्या पायांनी पोचलो.

कोणालाच माहीत नव्हतं. फकीरभाई सागबाऱ्यात नाचत होता. दोन रस्ते होते. एक, उंदराचा सिद्धांत पुन्हा उभा करायचा. धूर्त उंदीर चावी फिरवू शकतो हे मी तासाभरात पटवून दिलं असतं. कारण तयार होतं, आवाजही तयार होता. पण कालीबाई अजून जाळीपुढे हात धरून उभी होती.

"मी," मी म्हणालो.

"काय तुम्ही?" वत्सलाबाई.

"मी बंद करायला लावली. मे महिन्यात. पाय भाजत होते."

कामरान तोंड वळवून टायर बघू लागला. त्याचे खांदे हलत होते. रशिदाआपा अडकित्त्याने सुपारी कातरायला लागली, तिच्याकडे सुपारी नव्हती तरी. वत्सलाबाईंनी मला नखशिखांत पाहिलं आणि अहिराणी सोडून शुद्ध मराठीत म्हणाल्या, "आरोपी स्वतःहून हजर झाला."

मी वहीत लिहिलं, 'गाडी मीच बिघडवली', आणि कालीबाईपुढे गेलो. "बाई, तीन तास गेले तुमचे."

तिने थोडा विचार केला. "आता चालू झाली ना?"

"झाली."

"मग चला. ऊन आहे तोवर."

मी बरोबर जाईन असं कोणी ठरवलं नव्हतं. मीच मागच्या फाळक्यातून चढून बसलो. वत्सलाबाईंनी काही न विचारता अंगावरची शाल काढून माझ्याकडे फेकली. चुनीलालकडून आणलेली चादर रशिदाआपाने आत टाकली.

दवाखान्यात रोहिणी सिस्टर स्वतः बाहेर आल्या. त्यांनी जाळीपुढे हात धरला, मग गाल धरला, मग घड्याळ बघितलं. अडीच वाजले होते. "छातीशीच ठेवायचं, कपड्याच्या आत, तुझ्या अंगाला अंग," त्यांनी भुरीबाईला पुन्हा बजावलं. "गाडी गरम आहे म्हणून सोडून ठेवायचं नाही." भुरीबाई पुढे बसली. तिच्या पोलक्यात काय होतं ते मला दिसलं नाही. फक्त मुठीएवढी एक लाल टोपी दिसली. त्या टोपीवरून मला काहीही अनुमान काढता आलं नाही. असं माझं सहसा होत नाही.

मोलगीच्या रस्त्याला लागलो. घाट सुरू झाला तसं ऊन कड्यामागे गेलं आणि मागच्या फटींतून वारं घुसू लागलं. हीटरची ऊब पुढच्या दोन सीटांपर्यंतच येते, हे मला त्या दिवशी कळलं. मी मागे शाल आणि चादर दोन्ही गुंडाळून बसलो आणि तरी गुडघे वाजत होते. पुढे काचा धुरकटल्या होत्या. कामरानने स्वेटर काढला. एका वळणावर भुरीबाईचं डोकं खिडकीला टेकलं आणि ती झोपली. कालीबाईने मागून हात घालून बाळाची टोपी नीट केली आणि मग बराच वेळ हात तिथेच ठेवला.

काठीत पोचलो तेव्हा उजेड होता. घर रस्त्यापासून थोडं वर, कुडाचं. अंगणात शेकोटी होती आणि तिच्याजवळ कालीबाईचा नवरा उभा होता. त्याच्या पायामागे ती पोरगी. आई गाडीतून उतरली तशी ती आणखी मागे सरकली, आजोबाचं धोतर मुठीत धरून. भुरीबाईने हाक मारली. पोरीने तोंड फिरवलं, फोनवर फिरवायची तसंच.

भुरीबाई तिच्याजवळ गेली नाही. शेकोटीपाशी खाली बसली आणि पोलक्याचा कोपरा थोडा बाजूला केला. एक पाय बाहेर आला, बोटाएवढा. पोरगी आजोबाच्या पायाआडून बघत राहिली. मग एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं. तिने तर्जनीने त्या तळव्याला हात लावला आणि आईकडे बघून त्यांच्या बोलीत एक शब्द बोलली.

"काय म्हणाली?" मी कामरानला विचारलं. तो रस्त्यावरचा माणूस, त्याला त्यांची बोली येते.

"गरम शे म्हने."

मग ती आईच्या मांडीवर चढली आणि तिथे जागा नव्हती तरी मावली. भुरीबाई रडत होती आणि तिचा दुसरा हात पोरीच्या केसांत होता. आम्ही दोघं उगाच जीपच्या मागच्या चाकाची तपासणी करायला गेलो. चाक ठीक होतं.

आम्हाला न जेवता सोडणं त्यांना मान्य नव्हतं. भाकरी, तुरीची डाळ आणि मिरचीचा ठेचा आला. शेकोटीभोवती शेजारची आठ-दहा माणसं जमली. म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट करून कालीबाईला काहीतरी विचारलं. मला वाटलं, माझी ओळख विचारतोय. मी मान जरा ताठ केली. कालीबाई बोलायला लागली. बराच वेळ बोलली, हातवारे करून. मध्येच नळी दाखवली, मध्येच उंदीर दाखवला, मध्येच हाताने चौक काढून त्यात एक माणूस उभा केला. सगळे हसत होते. पोरगीही हसली, आईच्या काखेतून.

"काय सांगतेय?" मी कामरानला विचारलं.

कामरान घास गिळेपर्यंत थांबला. "सांगी ऱ्हायनी का, या बाबानी गाडी बिघाडी. आनि मंग सोबत बी उना."

मी वही काढली. थंडीने बोटं वळत नव्हती. पहिलं वाक्य वहीत आधीच होतं, माझ्याच अक्षरात. मी फक्त दुसरं, सोबत आल्याचं, उतरवून घेतलं.